चिलटाच्या पोथीतील राहून गेलेल्या ओळी

केळी दोन दिवस टोपलीत जास्त राहिली, किंवा उन्हाळ्यात एखाद्या रसवंतीमागे चिपाडांचा ढीग साचला, की बारीक तपकिरी चिलटे तेथे घिरट्या घालू लागतात. आपण ती हाताने वारतो आणि विसरून जातो. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या, लाल डोळ्यांच्या या चिलटांपैकी एका जातीचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर असे आहे. ड्रॉसोफिला म्हणजे दवाची आवड असणारी आणि मेलॅनोगॅस्टर म्हणजे काळ्या पोटाची. आंब्या-पेरूच्या बागायतदारांना छळणारी फळमाशी ती ही नव्हे. ती आकाराने मोठी असते व चांगल्या फळाला भोक पाडून आत अंडी घालते. आपले चिलट बिचारे आंबू लागलेल्या फळावरील यीस्ट खाऊन जगते.

या क्षुद्र कीटकाला विज्ञानाच्या इतिहासात मोठे स्थान आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० साली लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या वंशावळीचा माग काढता काढता आनुवंशिकतेचे घटक, म्हणजे जनुके, गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध झाले. मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चिलट बाटलीत सुखाने नांदते, त्याची नवी पिढी दहा-बारा दिवसांत तयार होते आणि त्याच्यापाशी गुणसूत्रांच्या चारच जोड्या असतात. त्यामुळे शंभराहून अधिक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याला सोडलेले नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. मोडी कागद वाचण्याची थोडीफार सवय असल्यामुळे या चिलटाच्या कथेतील एका प्रश्नाकडे माझे लक्ष वेधले गेले. या कीटकाचे जनुकीय लिखाण अक्षरन् अक्षर वाचून झाल्याचे २००० साली जाहीर झाले. मग त्यानंतरही पंचवीस वर्षे त्यात नवनवी जनुके कशी सापडत राहिली? सगळी अक्षरे वाचलेल्या ग्रंथात काही वाचायचे राहूच कसे शकते? कलाशाखेच्या वाचकांनाही हा प्रश्न परका वाटू नये, म्हणून हा लेख.

प्रथम ते लिखाण कसे असते ते पाहू. सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो आणि त्यावर केवळ चार रासायनिक अक्षरे पुन्हापुन्हा येतात. त्यांना ए, टी, जी, सी अशी नावे आहेत. २४ मार्च २००० रोजी ‘सायन्स’ या नियतकालिकात चिलटाची अशी सुमारे बारा कोटी अक्षरे प्रसिद्ध झाली. सेलेरा ही अमेरिकन कंपनी व बर्कली येथील संशोधकांचा गट यांनी मिळून हे काम केले. पण या बारा कोटी अक्षरांत कोठेही शब्द तुटत नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही. मोडी कागद पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू न उचलता तिला अक्षरे लटकावीत जायचे, ही जुन्या कारकुनांची रीत. एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचे.

डीएनएतील प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा असतो. चार अक्षरांपासून असे चौसष्ट शब्द बनतात. त्यांपैकी एकसष्ट शब्द कोणते ना कोणते अमिनो आम्ल सांगतात. ही अमिनो आम्ले ओळीने जोडली गेली की प्रथिन तयार होते. उरलेले तीन शब्द ‘येथे थांबा’ असे सांगतात. एटीजी हा शब्द बहुधा आरंभाची खूण असतो. आता ‘कमलपवनगगन’ अशी जोडून लिहिलेली अक्षरे घ्या. पहिल्यापासून तीन-तीन तोडली तर कमल, पवन, गगन असे शब्द मिळतात. एक अक्षर सोडून तोडली तर ‘मलप’, ‘वनग’ असा निरर्थक मजकूर हाती येतो. डीएनएची पट्टी अशी तीन ठिकाणांहून मोजता येते आणि तिची जोडीदार पट्टी उलट दिशेने आणखी तीन प्रकारे. म्हणजे एकच मजकूर सहा रीतींनी वाचून पाहायचा. भरीस भर म्हणजे चिलटाची बरीचशी जनुके सलग नसतात. मध्येच हजारो अक्षरांचा असा मजकूर येतो की जो पेशी प्रथिन बनवण्यापूर्वी कापून टाकते.

अशा जंगलात जनुक ओळखायचे कसे? येथे योगायोगाचे गणित मदतीला येते. चौसष्टांत तीन शब्द थांबण्याचे असल्यामुळे, अक्षरे कशीही विखुरलेली असली तर सरासरी एकवीस शब्दांमागे एक ‘थांबा’ येणारच. सलग शंभर शब्द असा थांबा न येता जुळून येण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी आहे. तेव्हा शंभर शब्दांची अखंड ओळ दिसली तर ती योगायोगाने आलेली नसून कोणत्या तरी कामाकरिता टिकवलेली आहे असे मानण्यास जागा आहे. उलट अकरा शब्दांची अखंड ओळ निम्म्याहून अधिक वेळा निव्वळ योगायोगानेच सापडेल. म्हणून संगणकाला सामान्यतः असा दंडक घालून दिला गेला की शंभर अमिनो आम्लांहून आखूड असेल ते, दुसरा पुरावा नसल्यास, सोडून द्यावे. असा दंडक घातला नसता तर लाखो खोट्या ओळींच्या गर्दीत खऱ्या जनुकांचा पत्ताच लागला नसता.

नोव्हेंबर १९९९ मध्ये मेरीलँडमधील सेलेराच्या कार्यालयात चाळीसहून अधिक शास्त्रज्ञ काही दिवस एकत्र बसले आणि संगणकाने सुचवलेली जनुके त्यांनी तपासली. अखेर १३,६०१ जनुकांची यादी निघाली. साध्या सूत्रकृमीची १९९८ साली प्रसिद्ध झालेली यादी सुमारे एकोणीस हजारांची होती. पंख, गुंतागुंतीचे डोळे व मेंदू असलेल्या चिलटाची जनुके त्याहून कमी भरावीत याचे सर्वांनाच नवल वाटले.

आता या यादीबाहेर काय राहिले ते पाहू. पहिला प्रसंग आपल्या महाराष्ट्रातील एका प्रयोगशाळेशी निगडित आहे. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सत्तरीच्या दशकात तेथे व्हेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनीने चिलटांच्या गंध व चव ओळखण्याच्या शक्तीचा अभ्यास हाती घेतला. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या नळीत चिलटे सोडायची, एका फाट्यात गंध ठेवायचा आणि कोण कोणीकडे वळते ते मोजायचे, अशी साधी पद्धत होती. वास न ओळखणारी चिलटे वेगळी काढून त्यांची पैदास केली, तर त्यांच्यातील बिघडलेल्या जनुकांचा माग लागणार होता. या दोघांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष या विषयातील पायाभूत कामांत गणले जातात. मात्र गंधाचा रेणू ज्या प्रथिनाला प्रथम येऊन चिकटतो, त्या ग्राहक प्रथिनांची जनुके पुढे वीस वर्षे कोणालाच सापडली नाहीत.

लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उंदरासारख्या सस्तन प्राण्यांतील गंधग्राहकांची जनुके शोधली व त्यांना पुढे २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा त्यांच्याशी साम्य असलेला मजकूर चिलटात शोधू, म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटले. परंतु तसे साम्य नव्हतेच. अखेर १९९९ साली, चिलटाचे लिखाण अद्याप अर्धवटच उपलब्ध असताना, येल येथील जॉन कार्लसन यांच्या गटासह अमेरिकेतील तीन गटांनी ही जनुके हुडकली. येलच्या गटाने शब्दांचे साम्य शोधणे सोडले आणि केवळ घडण पाहिली. ग्राहक प्रथिन पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जाते. तेव्हा अशी सात वळणे घेईल असे प्रथिन कोणती ओळ सांगते, हे संगणकाला विचारले. अशा शोधांतून पुढे गंधग्राहकांची साठ जनुके निश्चित झाली. गंमत अशी की हे प्रथिन पटलात अपेक्षेच्या अगदी उलट, म्हणजे आतले टोक बाहेर व बाहेरचे आत असे बसलेले असते, हे २००६ साली उघडकीस आले. एवढ्यावरही विषय संपला नाही. गंध ओळखणाऱ्या प्रथिनांचे आणखी एक घराणे २००९ साली ओळखण्यात आले. त्यांतील जनुके निराळ्याच कामाच्या सदराखाली मोडत होती. कागद दप्तरात असावा, पण भलत्याच रुमालात बांधलेला असावा, तसाच हा प्रकार.

दुसरा प्रसंग अगदी छोट्या जनुकांचा. चिलटाच्या अळीच्या अंगावर बारीक काटेरी दातऱ्यांचे पट्टे असतात. एका विशिष्ट जागी बिघाड झाला की गर्भावर हे दातरे येतच नाहीत व तो पॉलिश केलेल्या तांदळाच्या दाण्यासारखा गुळगुळीत दिसतो. म्हणून जपानी संशोधकांनी त्या जनुकाला ‘पॉलिश्ड राइस’ असेच नाव दिले. तेच जनुक बिघडले तर पायाच्या टोकाचे सांधे तयार होत नाहीत, असे त्याच सुमारास इंग्लंडमधील गटाला आढळले. या जागेवरून जी आरएनएची प्रत निघते ती शास्त्रज्ञांना पूर्वीच ठाऊक होती. पण तिच्यात लांब ओळ नसल्यामुळे ती प्रथिन न बनवणारी म्हणून बाजूला ठेवली गेली होती. २००७ साली दोन्ही गटांनी दाखवले की तिच्यात अवघ्या अकरा अमिनो आम्लांचे संदेश आहेत आणि पेशी ते खरोखरच वाचते. हे चिमुकले तुकडे एका मोठ्या नियामक प्रथिनाचा काही भाग छाटून टाकण्यास कारण होतात आणि मग तोवर जनुके बंद ठेवणारे ते प्रथिन जनुके चालू करणारे बनते, हे २०१० साली स्पष्ट झाले. शंभराच्या दंडकापुढे अकराचा काय पाड लागणार! परंतु त्या अकरांवाचून चिलटाला धड पायही मिळत नाही.

याच मार्गाने २०१३ साली चिलटाच्या हृदयातील दोन प्रथिने सापडली. एक अठ्ठावीस अमिनो आम्लांचे, दुसरे एकोणतीसांचे. स्नायूंतील कॅल्शियमची ने-आण ती नियंत्रित करतात आणि ती नसतील तर चिलटाच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात. ज्या आरएनएत ती दडलेली होती, तिच्यावरही ‘प्रथिन न बनवणारी’ असाच शिक्का होता. विशेष म्हणजे माणसाच्या स्नायूंत हेच काम करणारी छोटी प्रथिने यांचीच दूरची भावंडे आहेत. म्हणजे चिलटाच्या यादीतील गाळलेल्या ओळीचा संबंध आपल्या छातीतील ठोक्यांशी निघाला.

तिसरा प्रसंग नराच्या वाय गुणसूत्राचा. या गुणसूत्रावर नराच्या प्रजननक्षमतेला आवश्यक असे काही घटक आहेत हे पैदाशीच्या प्रयोगांवरून कित्येक वर्षे माहीत होते; पण २००० सालच्या यादीत ते दिसेनात. हे गुणसूत्र जवळजवळ सगळेच पुनरुक्तीने भरलेले आहे. त्यावरील जनुकांचे तुकडे एकमेकांपासून इतके दूर पडतात की जोडणी करताना त्यांचे धागेदोरे जुळले नाहीत आणि ते ‘स्थान अज्ञात’ अशा फुटकळ तुकड्यांत जाऊन पडले. ब्राझीलच्या ए. बर्नार्डो कार्व्हालो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० व २००१ साली हीच अडगळ धुंडाळली आणि तीतून वाय गुणसूत्रावरील अनेक जनुके बाहेर काढली. दप्तरखान्यात काम केलेल्या कोणालाही हे पटेल की ‘किरकोळ’ असे लिहिलेला रुमाल सर्वांत शेवटी सोडला जातो आणि पुष्कळदा त्यातच हरवलेला कागद असतो.

यावर असा आक्षेप निघेल की प्रत्येक छोट्या ओळीला जनुक म्हणू लागलो तर मोजदादीला अर्थच उरणार नाही. आक्षेप योग्य आहे. २००२ साली यादीची फेरतपासणी झाली तेव्हा एकूण आकडा फारसा बदलला नाही. पण काही जनुके खोटी ठरून गळाली, काही दोनांची एक झाली आणि कित्येक नवी दाखल झाली. तेव्हा खरे-खोटे निवडण्याची कसोटी हवीच. ती कसोटी कळण्यासाठी पुणेकरांना फार दूर जावे लागत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले व ते १९६६ साली पुरे झाले. डॉ. वि. सी. सुखटणकरांसारख्या संपादकांच्या देखरेखीखाली देशाच्या निरनिराळ्या भागांतील व निरनिराळ्या लिपींतील १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी पडताळण्यात आली. एकमेकांशी संबंध नसलेल्या परंपरांत जो पाठ सारखाच टिकून राहिला, तो जुना व विश्वसनीय. एखाद्याच शाखेत आढळला तर तो मागाहून घातलेला असण्याचा संभव अधिक. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ड्रॉसोफिलाच्या बारा जातींच्या जनुकीय लिखाणाची अशीच तुलना प्रसिद्ध झाली. या जाती एकमेकींपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटल्या. ज्या मजकुराला काम नाही, त्यात इतक्या काळात वाटेल तसे फेरफार झाले. जो मजकूर प्रथिन सांगतो, त्यात अक्षरे बदलली तरी बहुधा अर्थ न बिघडेल अशाच बेताने बदलली. या खुणेवरून आखूड ओळींतही खरी कोणती हे सांगता येऊ लागले. शंभराहून अधिक जनुकांत तर ‘थांबा’ या शब्दापुढचा मजकूरही जपलेला दिसला. म्हणजे त्या ठिकाणी पेशी कधीकधी न थांबता पुढे वाचत जाते, असा निष्कर्ष निघाला.

अर्थात तुलनेने संशय बळावतो, निकाल लागत नाही. निकाल जिवंत चिलटाकडूनच मिळवावा लागतो. ती ओळ बिघडवायची आणि चिलटाचे काय होते ते पाहायचे. असे काम आज पुण्यातही चालते. पाषाणच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, बाटल्यांतून चिलटे पाळली जातात. २००६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत जानेवारी २०२० मध्ये आशिया-पॅसिफिक विभागातील ड्रॉसोफिला संशोधकांची परिषदही भरली होती.

हे सारे वाचताना मला पेशवे दप्तराची आठवण होणे अपरिहार्य होते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. मराठ्यांच्या इतिहासावर त्यांचे उपकार मोठे आहेत. तथापि ती निवड होती, आणि तिच्या केंद्रस्थानी राजकारण होते. मोहिमा व तह शोधणाऱ्याच्या नजरेतून गावचे हिशेब, बाजारभाव, बलुतेदारांचे तंटे सुटणे स्वाभाविकच होय. पुढच्या पिढीने शेतसाऱ्याविषयी आणि सामान्य माणसांविषयी प्रश्न विचारले, तेव्हा तेच कागद बोलू लागले. संगणकाला घातलेला शंभराचा दंडक आणि इतिहासकाराने घातलेली राजकारणाची चाळण, दोन्ही आपापल्या वेळी आवश्यकच होत्या. बिघडते ते पुढे, चाळण लावली होती हे विसरले जाते तेव्हा. ‘सापडले नाही’ याचे ‘नाही’ असे कधी होते हे कळतसुद्धा नाही. मग यादीत नसलेल्या जनुकावर कोणी प्रयोग करीत नाही, आणि प्रयोग नाही म्हणून ते यादीत येत नाही.

म्हणून यादी तयार होणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती उघडी व दुरुस्त होत राहणे महत्त्वाचे. चिलटाची ही यादी १९९२ पासून ‘फ्लायबेस’ या नावाने सांभाळली जाते व ती सर्वांना विनामूल्य पाहता येते. आज तिच्यात प्रथिन सांगणारी सुमारे चौदा हजार जनुके आहेत आणि ज्यांचे काम प्रथिनावाचून केवळ आरएनएनेच होते अशी हजारो निराळी. कोणी नवी ओळ सिद्ध केली की ती नोंदवायची, खोटी ठरली की काढायची, आधीच्या नावांशी मेळ घालायचा, हे काम काही माणसे बसून करतात. त्यांना पारितोषिके मिळत नाहीत. २०२५ साली अमेरिकेतील सरकारी अनुदान थांबल्यामुळे या यादीच्या कारभाऱ्यांना जगभरच्या प्रयोगशाळांकडे वर्गणी मागण्याची पाळी आली.

वर्गणीवर दप्तरे सांभाळण्याची कथा पुण्याला नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची वाटचाल ज्यांना माहीत आहे, त्यांना ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही. कागद जपला तरच पुढचा वाचक त्याला नवा प्रश्न विचारू शकतो. चिलटाच्या बारा कोटी अक्षरांचेही तसेच आहे. त्यांतील अजून न ओळखलेल्या ओळी आहेत तेथेच आहेत, आणि चिलटाच्या पेशी त्या रोज बिनचूक वाचीत आहेत. त्या आपल्या वाचनात येण्यासाठी यादी जागती ठेवणारी माणसे हवीत, आणि तिच्यात काय नाही असे विचारणारे विद्यार्थीही हवेत.